पिल्लाची आई कुठे आहे?

"आई बघायला मिळेल का?" हा एकच प्रश्न मी गेल्या वर्षी कुत्र्याची पिल्लं विकणाऱ्या इतक्या जणांना विचारला की घरात माझी चेष्टा व्हायला लागली. उत्तरं ठरलेली असायची. आई गावाला आहे. आई चावते. आई पार्टनरकडे आहे आणि तो बाहेरगावी गेलाय. व्हिडिओ पाठवतो ना ताई, व्हिडिओत बघा. एकाने तर सरळ विचारलं, "आईचं काय करायचंय? तुम्हाला पिल्लू पाहिजे ना?" आणि फोन ठेवला. बाकीच्यांपेक्षा तोच प्रामाणिक म्हणायचा.

प्रश्न मुळात माझा नव्हता, माझ्या सासऱ्यांचा होता. आबांचं निम्मं आयुष्य गुरांच्या बाजारात गेलंय. कालवड घ्यायची तर आधी गाय बघायची, तिची कास, तिची चाल, धार काढताना लाथ मारते का ते, आणि मग भावाचं बोलायचं, ही त्यांची रीत. गाय दाखवायला का-कू करणाऱ्याकडे ते दुसऱ्यांदा बघतही नसत. घरातला म्हातारा कुत्रा गेल्यावर दिवसभर एकटे पडलेल्या आबांना लॅब्राडोर हवा होता. रस्त्यावरचं पिल्लू आणावं की जातिवंत, यावर घरात पुरेसा वाद झाला. तो इथे पुन्हा घालत नाही. ठरलं ते असं की आणायचा तर लॅब्राडोरच, पण आबांच्या रीतीने.

त्या हट्टाला धार आली ती समोरच्या काकूंमुळे. काकूंच्या बंगळुरूच्या मुलाने आईच्या वाढदिवसाला ऑनलाइन जाहिरात बघून शिह् त्झू, म्हणजे छोट्या केसाळ जातीचा कुत्रा, मागवला. पैसे फोनवरून गेले आणि पिल्लू एका टॅक्सीतून, पुठ्ठ्याच्या खोक्यात, सोसायटीच्या गेटवर उतरलं. पांढरंशुभ्र, पावडर लावलेलं, तळहातावर मावेल एवढं. सोबत लसीचं कार्ड होतं. "पंचेचाळीस दिवसांचं आहे," ड्रायव्हर म्हणाला. त्याला पिल्लाबद्दल याहून जास्त काही माहीत असायचं कारणही नव्हतं.

चौथ्या दिवशी पिल्लू खाईना. मग उलट्या, मग रक्ताचे जुलाब. काकू घाबरून गेल्या होत्या, म्हणून दवाखान्यात मी बरोबर गेले. डॉक्टरांनी आधी पिल्लाचं तोंड उघडून दात बघितले. पुढचे दात कसेबसे वर आले होते, मागच्या दाढांचा पत्ता नव्हता. "हे पंचेचाळीस दिवसांचं नाही. महिन्याचं असलं तर नशीब," ते म्हणाले. मग विष्ठेची तपासणी झाली. गरोदरपणाच्या चाचणीसारखी एक पट्टी असते, तिच्यावर दुसरी रेघ उमटली. पार्व्हो.

त्या दवाखान्यातल्या बाकावर बसून मी जे शिकले, ते आधी कुठल्याच विक्रेत्याने सांगितलं नव्हतं. पार्व्होचा विषाणू पिल्लाच्या आतड्याचं अस्तर खातो आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशीही पाडतो, म्हणजे लढायला शिपाईच उरत नाहीत. त्या दवाखान्यात त्यावर थेट औषध नव्हतं. सलाईन, उलटीचं औषध, वरून होणारा जंतुसंसर्ग थांबवायला अँटिबायोटिक, आणि वाट बघणं. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात, कधी त्याहून जास्त. म्हणजे पिल्लू गेटवर उतरलं तेव्हा बहुतेक आजार त्याच्या अंगात होताच. प्रवासाने आणि आईपासून तोडल्याने तो उफाळला. डॉक्टरांनी कार्डही हातात घेऊन उलटसुलट केलं. लसीच्या बाटलीवरचं स्टिकर चिकटवलेलं होतं, पण कुणा डॉक्टरची सही नाही, नोंदणी क्रमांक नाही. "स्टिकर खरं आहे. लस कुणाला टोचली, ते मात्र कुणास ठाऊक."

पायाच्या नसेला सुई, त्यावर बोटभर पट्टी, आणि पिल्लाचं वजन त्या पट्टीहून थोडंच जास्त. दोन रात्री काकूंनी दवाखान्यात काढल्या. तिसऱ्या दिवशी ते गेलं. मुलाने विक्रेत्याला फोन केला तर तिकडून आवाजात फरकसुद्धा नाही: "रिप्लेसमेंट देतो ना सर, उद्या पाठवतो." डॉक्टर एरवी शांत असतात, पण हे ऐकून भडकले. पार्व्होचा विषाणू घरात महिनोन् महिने टिकून राहतो. साधं फिनेल त्याला पुरत नाही, ब्लीचसारखं काहीतरी लागतं, आणि गालिचा, गादी यांवर ब्लीच चालत नाही. त्या घरात दुसऱ्या दिवशी अर्धवट लस झालेलं दुसरं पिल्लू आणणं म्हणजे त्यालाही त्याच टेबलावर आणणं.

पंचेचाळीस हा आकडा मी त्यानंतर सगळीकडे ऐकला. हा धंद्यातला पक्का आकडा आहे, जणू पिल्लू पंचेचाळिसाव्या दिवशी पिकून तयार होतं. कायदा वेगळं सांगतो. केंद्र सरकारचे कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम २०१७ साली आले. त्यांत आठ आठवडे, म्हणजे छप्पन्न दिवस पूर्ण झाल्याशिवाय पिल्लू विकता येत नाही. मधले अकरा दिवस कुणाला जड जातात ते हिशोबाने कळतं. आईचं दूध आटत आलेलं असतं, सात-आठ तोंडं खायला मागतात, लसीचा खर्च येतो, आणि पिल्लू दिवसागणिक मोठं, म्हणजे गिऱ्हाइकाच्या दृष्टीने कमी गोंडस, होत जातं. पण याच दिवसांत पिल्लू भावंडांशी दंगा करत चावा किती जोरात घ्यायचा ते शिकतं. नंतर घरातल्या पोराच्या हातावर ते शिकवत बसावं लागतं.

नियम मी नीट वाचले. नोकरी बँकेत असल्यामुळे परिपत्रकं वाचायची सवय आहे. पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची आणि प्रमाणपत्र दर्शनी जागी लावायचं. कुत्री दीड वर्षाहून लहान किंवा आठ वर्षांहून मोठी असेल तर तिला लावायची नाही. वर्षात एकच वेत, आयुष्यात पाच. पिल्लू विकण्याआधी लस आणि मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवायची ओळखीची चिप. कागदावर सगळं चोख आहे. मग मूळ कायदा उघडला, १९६० चा, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याला प्रतिबंध करणारा. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. शून्य राहिलं असेल म्हणून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पन्नासच. आणि मला सांगितलेला लॅब्राडोरच्या पिल्लाचा दर होता दहा हजारांपासून पुढे.

फोनवर भाव सांगणाऱ्यांची एक भाषा असते. हेवी बोन, म्हणजे जाड हाडांचं. पंच फेस, म्हणजे चपट्या तोंडाचं. शो क्वालिटी. पेपर पाहिजे की विदाउट पेपर? पेपर म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचं वंशावळीचं प्रमाणपत्र. "विथ पेपर" म्हटलं की पाच-सात हजार वाढतात, आणि लोकांना वाटतं ही दर्जाची हमी झाली. ती तशी नाही. त्या कागदावरून फार तर पिल्लाचे आईबाप कोण ते कळतं. ते आईबाप पिंजऱ्यात राहतात की अंगणात, त्यांच्या खुब्याचे सांधे धड आहेत की नाहीत, यातलं काही त्यावर नसतं. आणि ज्याच्याकडे एका जातीची पिल्लं तो सहसा त्याच जातीत रमलेला असतो. "लॅब, पग, हस्की, बीगल, जे म्हणाल ते चार दिवसांत" म्हणणारा माणूस पैदास करत नाही, तो माल फिरवतो. एकदा तर दोन वेगळ्या शहरांतल्या विक्रेत्यांनी मला 'आई'चा एकच फोटो पाठवला. तीच फरशी, तीच निळी बादली.

एक जण मात्र "या ना, समक्ष बघा" म्हणाला. सोलापूर रस्त्याने बरंच पुढे जाऊन आत वळलो. जागा म्हणजे बंद पडलेली पोल्ट्री. पुढच्या खोलीत सोफा, भिंतीवर कुत्र्यांचे पोस्टर, एसी. माणूस बोलायला गोड, आबांना "काका, चहा घ्या" म्हणणारा. पिल्लं आतून दोन-दोन करून आणली गेली, नुकती आंघोळ घातलेली, शाम्पूच्या वासाची. माझा मुलगा तर जमिनीवर लोळणच घेणार होता. मी नेहमीचा प्रश्न विचारला. "आई आत्ता आरामात आहे मॅडम, अनोळखी माणसाने गेलं की स्ट्रेस घेते."

आबांना हात धुवायचे होते. ते नळ शोधत शेडच्या मागच्या बाजूला गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत, म्हणून मी गेले.

कोंबड्यांसाठी असतात तसे जाळीचे पिंजरे, दोन मजली. तळही जाळीचा, म्हणजे घाण खाली पडावी. वरच्या पिंजऱ्यातली घाण खालच्या कुत्रीच्या पाठीवर पडत होती. मुताच्या वासाने डोळ्यांना पाणी आलं. आत लॅब्राडोर, पग, केसांच्या जटा झालेली पोमेरेनियनसारखी काहीतरी. नखं वाढून वळलेली, कारण झिजायला जमीनच नाही. सडं लोंबून जाळीला टेकलेली. त्यांतली एक भुंकलीसुद्धा नाही, आम्ही समोर गेल्यावर मागे सरकली आणि कोपऱ्यात तोंड घालून उभी राहिली. आबा तिच्याकडे बघत होते. "हिची दोन वेतं एका वर्षातली आहेत," ते म्हणाले. त्यांना कसं कळलं ते मी विचारलं नाही, पण तिथल्या पोऱ्याला मी सहज विचारल्यासारखं विचारलं तेव्हा तोही तेच म्हणाला. कुत्री साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते आणि तिथे एकही माज फुकट जात नाही. दुधावरून उतरून अंग भरतं न भरतं तोच पुन्हा गाभण. आटली की काय करता? पोऱ्या हसला आणि हाताने रस्त्याच्या दिशेला उडवल्यासारखं केलं.

मालक मागे आला तेव्हा त्याचा गोडवा थोडा कमी झाला होता, पण तो चिडला नाही. म्हणाला, "मॅडम, तुम्हाला दहा हजारात लॅब पाहिजे. दहा हजारात असाच तयार होतो." त्याच्याबद्दल मला अजिबात सहानुभूती नाही, पण हिशोबात त्याची चूक काढता आली नाही.

गाडीत बसल्यावर घरातलं खरं भांडण झालं. नवऱ्याचं म्हणणं, निदान एक तरी पिल्लू सोडवून नेऊ. मुलगा त्याच्या बाजूने, डोळ्यांत पाणी. मीही डळमळले होते, खोटं का बोलू. आबा म्हणाले, "पिल्लाचे पैसे मोजलेस की त्या कुत्रीला पुन्हा लावणार. तू पिल्लू सोडवत नाहीस, तिचं पुढचं वेत ठरवतोस." नवऱ्याला ते पटलं नाही. अजूनही पूर्ण पटलेलं नाही. त्या पिल्लांचं काय झालं असेल हे तो मधूनच काढतो आणि माझ्याकडे त्याला उत्तर नसतं.

फोटो आणि जागेचं लोकेशन जोडून आम्ही दोन ठिकाणी लेखी तक्रार दिली, पोच घेतली. काही आठवड्यांनी कळलं की कुणीतरी जाऊन आलं. त्या सुमारास शेडला कुलूप होतं. निळ्या बादलीचा तो 'आई'चा फोटो मात्र जाहिरातीत नव्या नंबरासह सुरूच होता. यापुढचं सांगण्यासारखं काही घडलं नाही.

इंग्लंडमध्ये राहणारी माझी नणंद हे सगळं व्हिडिओ कॉलवर ऐकत होती. तिने तिथे स्पॅनियल घेतला तेव्हा आईसकट पिल्लं दाखवल्याशिवाय विक्रीच होत नव्हती. ६ एप्रिल २०२० पासून इंग्लंडमध्ये सहा महिन्यांखालचं पिल्लू दुकानदाराने किंवा दलालाने विकायला बंदी आहे. घ्यायचं तर जिथे जन्मलं तिथून, नाहीतर प्राण्यांच्या आश्रयकेंद्रातून. त्या कायद्याला लोक 'लूसीचा कायदा' म्हणतात. लूसी ही कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल कुत्री, वेल्समधल्या अशाच एका पपी फार्मवर पिल्लं घालून घालून कण्यापासून मोडलेली. २०१३ मध्ये तिची सुटका झाली आणि २०१६ मध्ये ती गेली. आबांनी ते ऐकून एवढंच विचारलं, "तिकडेपण आई लपवायचे का?" नणंद म्हणाली, तिकडे तर भाड्याची आई आणून दाखवायचे.

ही युक्ती इथेही चालते हे मला नंतर कळलं. म्हणून आई नुसती बघून भागत नाही. पिल्लं तिच्या अंगावर चढतात का, तिची सडं दुधाने भरलेली आहेत का, ती पिल्लांना चाटते की झिडकारते, हे बघावं लागतं.

शेवटी ज्या बाई भेटल्या त्या साताऱ्याकडच्या. आमच्या डॉक्टरांच्या ओळखीतून नंबर मिळाला. पहिल्याच फोनवर मी आईचा विषय काढण्याआधी त्यांनीच माझी उलटतपासणी सुरू केली. फ्लॅट कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का, दिवसा घरी कोण, आबांचं वय काय, तीस किलोचा कुत्रा ओढायला लागला तर त्यांना आवरेल का, याआधीचा कुत्रा कशाने गेला. मी जरा वैतागलेच. मुलीचं स्थळ बघतानासुद्धा एवढं विचारत नाहीत. पिल्लं तेव्हा नव्हतीच. पावसाळ्यानंतर कुत्री माजावर आली आणि तब्येत चांगली असली तर लावणार, नाहीतर नाही. मी आगाऊ पैसे देऊ केले ते त्यांनी घेतले नाहीत. जन्मलंच नाही त्याचे पैसे कसे घ्यायचे, म्हणाल्या.

वाट बघताना घरात कुरबुर झाली, विशेषतः मुलाची. मधल्या काळात आबा त्याला रोज संध्याकाळी खाली नेऊन सोसायटीतल्या भटक्या कुत्र्यांना खायला घालायला शिकवत होते, त्यात तो रमला.

पिल्लं महिन्याची झाल्यावर त्यांनी बोलावलं. चपला बाहेर काढून जंतुनाशकाच्या तसराळ्यात पाय बुडवून मगच आत. त्याच दिवशी दुसरीकडे पिल्लं बघून आला असाल तर येऊ नका, असं आधीच बजावलेलं. भिंतीवर नोंदणीचं प्रमाणपत्र. आई अंगणात आडवी, पिल्लं तिच्यावर. तिने उठून आबांचा हात हुंगला आणि त्यांच्या पायावर टेकून बसली. आबांनी तिचे कान, डोळे, हिरड्या बघितल्या, तिला अंगणात चालवून मागून तिची चाल बघितली, अगदी बाजारात बघायचे तशी. बाईंना त्याचं फार कौतुक वाटलं. त्यांनी आईबापांच्या खुब्याचे एक्स-रे आणून दाखवले. लॅब्राडोरमध्ये खुब्याचा सांधा सैल असण्याचं दुखणं वंशातून येतं, म्हणून जोडी लावण्याआधी ते काढायचे असतात. मला एक्स-रेतलं काही कळलं नाही. पण मागायच्या आधी दाखवणारी ही पहिली व्यक्ती होती. कुठलं पिल्लू द्यायचं ते मात्र त्यांनी ठरवलं. मुलाला सगळ्यात दांडगं आवडलं होतं, आम्हाला मिळाली एक शांत मादी, कारण घरात म्हातारं माणूस.

पिल्लू हातात आलं ते नऊ आठवड्यांचं. बाईंनी समोर स्कॅनर फिरवून मायक्रोचिपचा पंधरा आकडी क्रमांक दाखवला आणि तोच पावतीवर लिहिलेला आहे हे माझ्याकडून वाचून घेतलं. लसीच्या कार्डावर सही, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, जंताच्या औषधाच्या तारखा. एका कागदावर आमची सही: सांभाळता आलं नाही तर दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, परत इथेच आणायचं. किंमत बाजारातल्या दराच्या दुपटीच्या आसपास. महाग आहे, आणि सगळ्यांना परवडणारी नाही, हे मान्य. पण काकूंच्या मुलाने पिल्लू आणि दवाखाना मिळून याहून जास्त खर्च केला होता.

पुढच्या लसी सोळा आठवड्यांपर्यंत चालल्या. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती कधी ओसरते ते प्रत्येक पिल्लात वेगळं असतं आणि ती असेपर्यंत लस नीट लागत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा टोचावी लागते. तोवर रस्त्यावर नेणं बंद. वयाच्या तीन महिन्यांनंतर रेबीजची लस, ती दाखवून महापालिकेचा परवाना.

काकूंनी पुन्हा पिल्लू आणलं नाही. एका संस्थेकडे हायवेवर सापडलेली शिह् त्झू होती, पाच-सहा वर्षांची, चिप नाही, निम्मे दात किडलेले, गर्भाशयात पू झालेला. ऑपरेशन झाल्यावर काकूंनी तिला घरी आणली. तिला जिना चढता येत नव्हता आणि गवतावर सोडलं की ती पाय उचलून धरायची, जाळीशिवाय दुसरं काही पायाखाली कधी आलंच नसावं. आता ती काकूंच्या पाठोपाठ देवघरापर्यंत जाते आणि आमच्या कुत्रीवर दादागिरी करते.

साताऱ्याच्या बाईंचा नंबर बरेच जण मागतात आणि मी देते. यंदा त्यांच्याकडे वेत नाही, पुढच्या वर्षीचं अजून ठरलेलं नाही, हे ऐकून बहुतेक जण तिथेच गार होतात. माझ्या ऑफिसातल्या एका जोडप्याने तरीही फोन केला. दोघं सकाळी आठला बाहेर पडून रात्री नऊला घरी येणार, मग कुत्र्याकडे कोण, असं विचारून बाईंनी त्यांना सरळ नाही म्हणून सांगितलं. पैसे देऊनही एवढा तोरा ऐकून घ्यायचा का, असं त्यांनी मला सुनावलं, आणि कॅन्टीनमध्ये दोघंही अजून माझ्याशी घुश्शातच बोलतात.